मदत हवी आहे: जॅझ ऐकताना सम सापडत नाही

नमस्कार मंडळी,

मी तबला वाजवतो. परीक्षा फारशा दिल्या नाहीत, साथसंगत मात्र बरीच केली. ख्याल असो, नाट्यसंगीत असो, हात आपोआप मांडीवर चालतो आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, पडतो. गेल्या पावसाळ्यापासून जॅझचं खूळ लागलंय. कॉलेज रोडवरच्या एका कॅफेत ते मागे बारीक आवाजात चालू असायचं, तिथून ही लागण.

धून वाजते तोवर सगळं समजतं. मग बाकीचे मागे सरकतात, सॅक्सोफोनवाला एकटा सुटतो आणि अर्ध्या मिनिटात मी कुठे आहे ते मलाच कळत नाही. तिहाई (तोच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं) नाही, कुणी सम दाखवत नाही. ड्रमवाला तर मध्येच कुठेतरी असा ठोका देतो की जे काही मोजलेलं असतं तेही पुसलं जातं. पण शेवटी सगळे बरोब्बर एकत्र धुनेवर येतात! म्हणजे आवर्तन, तालाचा ठरलेला फेरा, आहे हे नक्की. ते किती मात्रांचं? दर रचनेला वेगळं असतं का? कान कुठल्या वाद्याकडे ठेवायचा?

नेटवर मिळतं ते सगळं पाश्चात्त्य नोटेशन येतं असं धरून चाललेलं. मला हार्मोनियमवर स्वर ओळखता येतात, बस्स.

आणखी एक. नाशकात हे बसून ऐकणारं कुणी आहे का? वायनरीत शनिवार-रविवारी सॅक्सोफोन असतो, पण त्यावर हिंदी गाणी वाजतात आणि समोरचे सगळे फोटो काढण्यात गुंग.

गंगापूररोडकर
पियानोवाल्या डेव्ह ब्रूबेकचं 'टेक फाइव्ह' ऐका. पाच मात्रा. दहा मात्रांचा अर्धा झपतालच की! आणि जॅझ आपल्याला परकं नाही हो. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी १९५१ च्या 'अलबेला'त चिक चॉकलेटच्या ट्रम्पेटला थेट पडद्यावरच आणलं होतं.

देवळालीकर
झपताल २-३-२-३, 'टेक फाइव्ह' ३-२. हात वेगळा पडतो. शिवाय त्यात पियानो एकच तुकडा इतका घट्ट धरून असतो की मोजायची गरजच पडत नाही. ऐकायला छान, पण या प्रश्नावरचं औषध नव्हे.

धागाकर्ते, आवर्तन असतं. जॅझवाले त्याला कोरस म्हणतात. जुन्या रचनांपैकी खूपशा ३२ बारच्या, एका बारमध्ये ४ मात्रा. झाल्या १२८. दचकू नका, ही १६ मात्रांच्या तीनतालाची ८ आवर्तनं झाली. त्यांचे चार भाग, प्रत्येकी दोन तीनताल: स्थायी, पुन्हा तीच स्थायी, मग अंतरा, मग परत स्थायी. धून संपली की हाच सांगाडा अदृश्यपणे फिरत राहतो आणि सोलोवाला त्याच्यावर विस्तार करतो.

ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसची १९५९ ची रेकॉर्ड 'काइंड ऑफ ब्लू' लावा. पहिली रचना, 'सो व्हॉट'. सुरुवातीचा ठेक्याविना सैलसर तुकडा सोडून द्या. मग बास, म्हणजे खर्जातलं तंतुवाद्य, धून वाजवतो आणि बाकीचे दोन ठोक्यांत त्याला उत्तर देतात. स्थायीचे स्वर म्हणजे चक्क काफी थाट, कोमल गंधार आणि कोमल निषाद. अंतऱ्यात तोच काफी अख्खाच्या अख्खा अर्धा स्वर वर सरकतो, पेटीवाल्यानं पट्टी बदलावी तसा. दोन तीनताल वर, मग खाली. खाली उतरल्यापासून दोन तीनताल मोजा, पुढची पहिली मात्रा तुमची सम.

हरवायची जागाही सांगून ठेवतो. अंतरा संपल्यावर पुढचा अंतरा येईपर्यंत तब्बल ६ तीनताल एकाच पट्टीत जातात, कारण शेवटची स्थायी आणि नव्या कोरसच्या दोन स्थायी लागोपाठ येतात. तिथे बोटांवर मोजल्याशिवाय गत्यंतर नाही. सोलोंचा हिशोब सरळ आहे: माइल्सचे दोन कोरस, सॅक्सोफोनवर कोल्ट्रेनचे दोन आणि कॅननबॉल ॲडरलीचे दोन, पियानोवर बिल इव्हान्सचा एक. माइल्स सुरू करतो तिथे ड्रमवाला जिमी कॉब झांजेवर असा काही दणका देतो की ती सम चुकणं अशक्य.

मी १९७८ चा पहिला 'जॅझ यात्रा' महोत्सव मुंबईत रंगभवन या खुल्या नाट्यगृहात ऐकला. सॅक्सोफोनवाला सॉनी रोलिन्स आला होता. शेजारचे एक पारशी गृहस्थ कार्यक्रमभर गुडघ्यावर बोटं चालवत होते. आधी वाटलं, सवय असेल. नंतर कळलं, बार मोजतायत. पुढे आवाजाच्या नियमांपायी ते रंगभवनच बंद पडलं.

बासवाला
नाशिकरोडहून. बास गिटार वाजवतो, म्हणून बासची बाजू घेणारच.

देवळालीकर काकांचं सगळं बरोबर, पण सुरुवात १२८ मात्रांपासून कशाला? त्याच रेकॉर्डवरची दुसरी रचना घ्या, 'फ्रेडी फ्रीलोडर'. हा १२ बारचा ब्लूज, जॅझमधला एक ठरलेला साचा. म्हणजे ४८ मात्रा, फक्त ३ तीनताल. पहिला षड्जावर सुरू होतो, दुसरा मध्यमावर, तिसरा पंचमावर. पेटीवर नुसते सा, म, प धरून रेकॉर्डबरोबर बसा. मध्यमावर गेलेलं कानाला कळलं की अर्धी लढाई जिंकली.

आता ड्रमचं. तुम्ही तबलजी, त्यामुळे ठेका ड्रममध्ये शोधताय. तो तिथे पूर्ण नसतो. ठेका बासकडे आहे, दर मात्रेला एक स्वर, चालल्यासारखा. त्याच्याबरोबर उजव्या हाताची मोठी झांज. पायानं मिटणारी झांजेची जोडी 'छक्' करते ती २ आणि ४ वर, वजन तिकडे. टाळी द्यायची तर तिथे, १ आणि ३ वर दिलीत तर सगळं लंगडं वाटेल. ड्रमवाल्याचा डावा हात मात्र मोकळा असतो, सोलोवाल्याशी बोलत असतो. तुम्हाला चकवणारे ठोके त्या हाताचे. ती साथ आहे, ठेका नव्हे.

मोबाइलच्या स्पीकरवर ऐकता का? त्यात बास जवळपास ऐकूच येत नाही. साधे तारेचे इअरफोन लावा.

धागाकर्ता
मोबाइलवरच ऐकत होतो! इअरफोन लावल्यावर पॉल चेंबर्स नावाचा बासवाला या रेकॉर्डवर आहे हे पहिल्यांदा कळलं.

ब्लूज हातात आला. मध्यमावर जाताना आता मान आपोआप हलते. 'सो व्हॉट'मध्ये माइल्सपर्यंत टिकतो, कोल्ट्रेनला सुटतं. अंतरा संपला तरी त्याचं वाक्य संपत नाही. तो पुढे निघून जातो आणि मी त्याच्यामागे फरफटतो.

देवळालीकर
त्याच्यामागे जायचं नाही. आपल्याकडे तान कितीही फिरली तरी मुखडा पकडून समेवर येते आणि सगळे 'वा' म्हणतात. कोल्ट्रेन मुद्दाम सम ओलांडून वाक्य संपवतो. मौज त्यातच आहे, पण खाली सम कुठे गेली हे माहीत असेल तरच. तुम्ही बास धरून बसा, त्याला जायचं तिथे जाऊ द्या.

बासवाला
'टेक फाइव्ह'ला काकांनी उगाच झाडलं असं मला वाटतं. त्यातला जो मोरेलोचा ड्रम सोलो ऐका. खाली पियानो तोच तुकडा धरून, वर ड्रम. लेहऱ्यावर, म्हणजे सतत फिरणाऱ्या एकाच धुनेवर, तबला सोलो! तुम्हाला पहिल्या झटक्यात कळेल.

देवळालीकर
हे मान्य.

धागाकर्ता
ऐकलं. अगदी लेहराच! मध्ये जागा सोडून थांबतो ते तर कमाल.
समोर बसून ऐकायचं असेल तर मुंबईच गाठावी लागेल का?

गंगापूररोडकर
मुंबईतल्या एनसीपीए या कलाकेंद्राचे कार्यक्रम बघत राहा. फक्त परतीची 'पंचवटी' एक्स्प्रेस संध्याकाळीच सुटते, कार्यक्रम संपेपर्यंत ती पार इगतपुरीच्या पुढे. मुक्कामाची सोय करूनच निघा.

देवळालीकर
तोवर रविवारी सकाळी कॅम्पात माझ्याकडे या. एलपी आहेत, बऱ्यापैकी स्पीकर आहेत. तबला आणू नका, हात मोकळे हवेत. बासवाले, तुम्हीही या. पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवतो.

बासवाला
रविवारी चर्चमध्ये वाजवतो. अकरानंतर चालेल?

देवळालीकर
चालेल. ब्लूज तुम्ही आल्यावरच लावू.