परदेशातल्या जेलमध्ये आपल्या देशाच्या कैद्यांना भेटायला कोणी जातं का?

दूरदेशी: नमस्कार मंडळी. नोकरीमुळे परदेशात राहते. एम्बसीत कामाला गेले होते तेव्हा तिथल्या बाई बोलता बोलता म्हणाल्या (नाव वगैरे काही सांगितलं नाही) की इथल्या जेलमध्ये आपला एक मुलगा आहे, घरच्यांना तिकीट परवडत नाही, इथली भाषा त्याला येत नाही आणि भेटायला कोणीच येत नाही. तेव्हापासून ते डोक्यातून जातच नाहीये. जावंसं वाटतंय पण ओळख ना पाळख, बोलायचं काय? आणि नियम काय असतात?

जुना_मुशाफिर: जरूर जा. फक्त थेट गेटवर जाऊ नका. बऱ्याच ठिकाणी कैद्याने स्वतः तुमचं नाव भेटणाऱ्यांच्या यादीत घालावं लागतं, मग तुमची चौकशी होते, त्याला वेळ लागतो. एम्बसीमार्फत आधी पत्र पाठवा, तो हो म्हणाला तर पुढचं. अजून एक, भेटींचा कोटा किती ते आधीच विचारा, कारण बहुतेक जेलमध्ये ठरावीक भेटी असतात आणि तुमची भेट त्यातूनच वजा होते, उद्या त्याची आई पैसे जमवून एवढ्या लांबून आली आणि त्या महिन्याची भेट तुम्ही आधीच वापरलेली असली तर त्या माऊलीला दारातून परत जावं लागेल हो. फॉर्मवर नाव पासपोर्टवर आहे तस्संच लिहा. कपड्यांचे नियमही बघून घ्या, कैद्यांच्या युनिफॉर्मसारखा रंग बऱ्याच ठिकाणी चालत नाही.

कायद्याचं_बोला: पहिल्या भेटीत विचारा, एम्बसीचं कोणी येऊन गेलं का? १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ प्रमाणे, अटक झालेल्या परदेशी माणसाला 'तुझ्या वकिलातीला कळवता येईल' हे विनाविलंब सांगावं लागतं आणि त्याने मागितलं तर कळवावंच लागतं. पण कित्येकांना हे कोणी सांगतच नाही. अमेरिकेत लाग्रांड नावाच्या दोन जर्मन भावांना १९८२ मध्ये अटक झाली, हा हक्क अधिकृतपणे सांगितला १९९८ मध्ये, १९९९ मध्ये दोघांच्या मृत्युदंडाची अंमलबजावणी झाली आणि अमेरिकेने करार मोडला असा आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा निकाल आला २००१ मध्ये! मला ही केस वाचून आजही संताप येतो. बाकी एम्बसी कोणाला सोडवून आणू शकत नाही, तशी आशा त्याला लावू नका. आणि या करारातला भेटायला जायचा हक्क वकिलातीच्या अधिकाऱ्यांचा आहे, तुम्हाआम्हाला जेलच्या नियमांनीच जावं लागतं.

सई_ताई: मी जाते अधूनमधून. मध्ये काच, बोलणं फोनच्या रिसीव्हरवर. बोलायचं काय याची काळजी नको. आमच्या इथला एक जण आधी गप्पच होता, मग त्याने तळहात काचेला लावून दाखवला, त्यावर पेनाने लिहून आणलेलं, बहिणीचा निकाल, दाढ, वकिलाची तारीख. आत कागद आणू देत नव्हते ना. दाढ कितीतरी दिवस ठणकत होती पण डॉक्टरला नीट सांगताच येत नव्हतं, मी चार ओळी तिथल्या भाषेत लिहून पोस्टाने पाठवल्या, त्या त्याने डॉक्टरला दाखवल्या. असली कामं असतात बघ. येते म्हणालीस तर नक्की जा, नाहीतर तारीख देऊच नकोस, तो त्या दिवसावर डोळे लावून बसतो गं. कोणाचा निरोप किंवा पाकीट आत-बाहेर नेऊ नकोस, कितीही गयावया केली तरी नाही.

दूरदेशी: ताई, गुन्हा काय ते विचारायचं का?

सई_ताई: नको. सांगायचं तर तो सांगेल. आणि खटला चालू असेल तर केसबद्दल काहीच बोलू नका, संभाषण ऐकलं जातं, रेकॉर्डही होतं, ते त्याच्यावरच उलटू शकतं. ते वकिलासाठी ठेवायचं.

जुना_मुशाफिर: एक राहिलंच. शिक्षा संपली म्हणजे लगेच घरी असं नसतं. आत असताना पासपोर्टची मुदत संपते, मग कागद आणि तिकिटाची सोय होईपर्यंत परदेशी माणसाला इमिग्रेशनच्या कोठडीत ठेवतात, तिथे महिने जाऊ शकतात. त्यामुळे सुटकेची तारीख आणि पासपोर्ट कधी संपतो हे दोन्ही विचारून घ्या आणि बरंच आधी एम्बसीच्या मागे लागा.

दूरदेशी: पत्र आज रात्री लिहिते, उद्या एम्बसीत देते.