कॅम्पातील लाल देऊळ : ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला चर्चचे रूप कसे आले?

वाटसरू (प्रश्न) :

पुणे कॅम्पात मोलेदिना रस्त्याजवळ लाल विटांची, उंच मनोऱ्याची एक इमारत आहे, जिला सारे गाव ‘लाल देऊळ’ म्हणते. लहानपणी नावावरून मला आत मूर्ती असेल असे वाटायचे. पुढे मनोरा आणि त्यावरचे घड्याळ पाहून ते चर्च असावे अशी माझी खात्री झाली, आणि ते ज्यूंचे प्रार्थनास्थळ, म्हणजे सिनेगॉग, आहे हे कळेपर्यंत मी कॉलेजात पोहोचलो होतो. त्याचे खरे नाव ‘ओहेल डेव्हिड’ आहे एवढे मला ठाऊक आहे. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला असे चर्चसारखे रूप का दिले गेले, म्हणजे हा धर्माचा संकेत आहे की बांधणाऱ्याची आवड? आणि मुंबई सोडून एवढी मोठी वास्तू पुण्यात उभारण्याचे कारण काय? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

चुना_आणि_वीट :

आपला गोंधळ अगदी स्वाभाविक आहे, कारण इमारत बाहेरून खरोखरच इंग्रजी गॉथिक, म्हणजे युरोपातील जुन्या चर्चच्या वळणाची आहे. तिचे काम १८६३ मध्ये सुरू झाले आणि १८६७ मध्ये पूर्ण झाले. आराखडा हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स यांचा. हे रॉयल इंजिनिअर्सचे लष्करी अधिकारी होते आणि त्या दशकात पुण्या-मुंबईतील सरकारी व धर्मादाय बांधकामांवर त्यांचा मोठा ठसा होता. पुण्याचे ससून रुग्णालय त्यांचेच, आणि मुंबईत ओव्हल मैदानासमोरचे जुने सचिवालयही त्यांचेच. ज्या अभियंत्याच्या हाताला गॉथिकचे वळण होते, त्याच्याकडे काम गेल्यावर सिनेगॉगही त्याच भाषेत बोलू लागले, यात नवल नाही.

आता धर्माच्या संकेताबद्दल. सिनेगॉग बाहेरून कसे दिसावे याचा ठरीव साचा ज्यू परंपरेत नाही. मनोरा हवाच असे नाही आणि नकोच असेही नाही. त्यामुळे ज्यू समाज जिथे राहिला तिथल्या गवंड्यांच्या आणि आश्रयदात्यांच्या आवडीप्रमाणे सिनेगॉगचे बाह्यरूप बदलत गेले. परंपरेचे खरे बंधन आतल्या मांडणीला आहे. तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या जिथे ठेवतात तो ‘हेखाल’ जेरुसलेमच्या दिशेला असावा लागतो, म्हणून भारतातील सिनेगॉगांत तो पश्चिमेकडे असतो. ज्या चौथऱ्यावर उभे राहून वाचन होते तो ‘तेबा’ बगदादी, म्हणजे बगदादकडून आलेल्या ज्यूंच्या, प्रथेप्रमाणे दालनाच्या मध्यभागी असतो, आणि स्त्रियांसाठी वर गॅलरी असते. चर्चमध्ये सगळ्यांची नजर एका टोकाच्या वेदीकडे लागलेली असते. इथे लोक मधल्या चौथऱ्याभोवती बसतात. दारातून आत पाऊल टाकले की चर्चचा भास संपतो तो या एका फरकामुळे.

बांधकामाच्या साहित्याविषयी थोडे विषयांतर. लाल वीट आणि दख्खनचा काळा दगड यांची जोडी पुण्याला नवी नव्हती. शनिवारवाड्याच्या तटाकडे पाहिले तर खाली दगड आणि वर वीट असे काम दिसतेच. नवे होते ते वीट गिलाव्याखाली न झाकता तिचा रंग हाच दर्शनी भागाचा अलंकार करणे. लोकांनी नावही रंगावरूनच दिले, तेव्हा विल्किन्स यांचा हेतू साधला असे म्हणायला हरकत नाही. मनोरा सुमारे ९० फूट उंच आहे, आणि १८६७ च्या पुण्यात एवढी उंची किती लांबून दिसत असेल याची कल्पना करावी.

जुनी_कागदपत्रे :

वरील उत्तर वास्तूच्या दृष्टीने नेमके आहे. मी ‘पुण्यातच का’ या प्रश्नाकडे वळतो.

हे सिनेगॉग बांधवले ते ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांनी. त्यांचा जन्म १७९२ चा, बगदादचा. तिथल्या सत्ताधाऱ्यांच्या जाचामुळे त्यांना शहर सोडावे लागले आणि १८३० च्या दशकाच्या आरंभी ते मुंबईत आले. कापूस आणि अफू यांच्या चीनपर्यंत पसरलेल्या व्यापारावर त्यांनी प्रचंड संपत्ती मिळवली. त्यांच्या दानधर्माचे गोडवे गाताना अफूचा उल्लेख टाळण्याची पद्धत मला पटत नाही. रुग्णालयाचा आणि सिनेगॉगचा पैसा त्याच पेढीतून आला. त्यातच १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला होता आणि मुंबईच्या बाजारात अक्षरशः पैशाचा पूर आला होता. लाल देवळाचे काम सुरू झाले ते नेमके याच वर्षांत.

पुण्याचे कारण हवामानात आणि राज्यकारभारात आहे. पावसाळ्यात मुंबईचे गव्हर्नर व त्यांचा लवाजमा पुण्यास मुक्कामी येत असे, आणि त्यांच्यामागून मुंबईचे धनिकही येत. ससून कुटुंबाचा इथे ‘गार्डन रीच’ नावाचा बंगला होता. लष्कराची छावणी, गव्हर्नरचा मुक्काम आणि कुटुंबाचे हंगामी वास्तव्य एकत्र आल्यावर स्वतःच्या प्रार्थनास्थळाची गरज निर्माण होणे ओघानेच आले. मुंबईतही त्यांनी हात आखडता घेतला नव्हता. भायखळ्याचे ‘मागेन डेव्हिड’ हे सिनेगॉग त्यांनीच बांधवले आणि ते १८६४ मध्ये पूर्ण झाले. त्यालाही दर्शनी बाजूस घड्याळाचा मनोरा आहे. राणीच्या बागेतील घड्याळाचा मनोरा ससून यांच्याच स्मरणार्थ आहे, आणि काळा घोड्याच्या डेव्हिड ससून ग्रंथालयाच्या माथ्यावरही घड्याळ आहेच. म्हणजे पुण्याचे घड्याळ ही चर्चची नक्कल नसून या घराण्याची जणू खूणगाठ आहे, असे माझे मत आहे. खिशातले घड्याळ थोड्यांनाच परवडत असे त्या काळात रस्त्यावरच्या माणसाला वेळ दाखवणे हेही एक दानच होते.

ससून यांना पुरी झालेली वास्तू पाहता आली नाही. ७ नोव्हेंबर १८६४ रोजी पुण्यातच त्यांचे निधन झाले, आणि सिनेगॉगच्याच आवारात त्यांची समाधी आहे. ‘ओहेल’ या हिब्रू शब्दाचा अर्थ तंबू. परंतु थोरांच्या थडग्यावर उभारलेल्या वास्तूलाही तोच शब्द वापरतात. ‘डेव्हिडचा तंबू’ हे नाव प्रार्थनास्थळासाठी ठेवलेले असले तरी शेजारच्या समाधीमुळे त्याला दुसरा अर्थही येऊन चिकटतो. पुढे त्यांचे नातू जेकब ससून यांनी भावांसह हाँगकाँगमध्ये आईच्या नावे ‘ओहेल लिआ’ बांधले, आणि शांघायमध्ये त्यांच्या पत्नीच्या नावे ‘ओहेल रेचल’ उभे राहिले. नावाची ही परंपरा पुण्यातून तिकडे गेली, हे पुणेकरांना सहसा माहीत नसते.

रास्तापेठकर :

चर्चा वाचून आनंद झाला, पण एक गोष्ट राहून गेली आहे. पुण्यात सिनेगॉग एक नव्हे, दोन आहेत. दुसरे आमचे, रास्ता पेठेतील ‘सुक्कथ शेलोमो’, १९२१ सालचे. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातून आलेले, मराठी बोलणारे, दिवेकर, पेणकर, रोहेकर अशी गावावरून पडलेली आडनावे लावणारे. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारची सुट्टी यांमुळे कोकणात आम्हांला ‘शनिवार तेली’ म्हणत. ससून यांचा बगदादी समाज आमच्याच धर्माचा असला तरी त्याची भाषा, पोशाख आणि रिवाज निराळे होते, आणि खरे सांगायचे तर तो आम्हांला फारसे बरोबरीचे मानत नसे. मुंबईच्या सामाईक दफनभूमीत दोन्ही समाजांच्या कबरींमध्ये भिंत घालू द्यावी म्हणून १८३६ मध्ये बगदाद्यांनी अर्ज केला होता. एकाच शहरात दोन वेगळी प्रार्थनास्थळे का झाली, हे समजण्यास एवढे पुरेसे आहे.

काळाने मात्र गणित उलटे केले. स्वातंत्र्यानंतर बगदादी कुटुंबे बहुतेक इंग्लंडला व इतरत्र निघून गेली. आमच्यातलेही पुष्कळ लोक इस्राएलला गेले, पण जे राहिले त्यांच्यामुळेच आज लाल देवळात प्रार्थना होते. सार्वजनिक प्रार्थनेसाठी दहा प्रौढ पुरुष लागतात. त्याला ‘मिन्यान’ म्हणतात. एवढ्या भव्य दालनात तो आकडा पुरा होईपर्यंत वाट पाहणे हा अनुभव शब्दांत सांगता येणार नाही.

आणखी एक, नावाबद्दल. सिनेगॉगला देऊळ म्हटले म्हणून हसू नये. आमच्या पूर्वजांनी मुंबईत १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांच्या पुढाकाराने ‘शाआर हारहमीम’ म्हणजे ‘दयेचे द्वार’ हे पहिले सिनेगॉग बांधले, तेव्हा आमचेच लोक त्याला मशीद म्हणत. मशीद बंदर हे नाव त्यावरूनच पडले असे आमच्याकडे सांगतात. जो शब्द शेजाऱ्यांना कळेल तो आपण वापरतो. तिथे मशीद झाली, इथे देऊळ.

वाटसरू :

सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. घड्याळाचा मुद्दा मला सुचलाच नसता. आता आत जाऊन तो मधला चौथरा पाहण्याची इच्छा आहे. बाहेरच्यांना प्रवेश मिळतो का, आणि गुंडाळ्या पाहता येतात का?

रास्तापेठकर :

प्रवेश मिळू शकतो, मात्र आधी परवानगी घ्यावी लागते, ओळखपत्र जवळ ठेवावे लागते आणि विचारल्याशिवाय छायाचित्रे घेऊ नयेत. सुरक्षेच्या कारणास्तव हे सगळे आवश्यक झाले आहे, तेव्हा फाटकावरच्या माणसावर रागावू नये. पुरुषांनी डोके झाकावे, रुमाल चालतो. गुंडाळ्या वाचनाच्या वेळीच बाहेर काढतात. बगदादी पद्धतीत त्या कापडी आच्छादनात नसून लाकडी, चांदीने मढवलेल्या उभ्या पेटीत असतात, आणि पेटी उभी ठेवूनच त्यातून वाचतात. शनिवारी जाऊ नये, तो पाहुण्यांचा दिवस नव्हे.