मुलगी ब्रा घालत नाही, साबा (सासूबाई) माझ्यावर चिडतात, आणि माझाही एक प्रश्न आहे (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी, विषय काहींना अवघड वाटेल पण ओळखीत कुणाला विचारावं तर आधी चेहरे बदलतात, म्हणून इथे लिहितेय. पुरुषांनी वाचलं तरी हरकत नाही, फक्त फिदीफिदी नको.

लेक कॉलेजात आहे. हल्ली तिने ब्रा घालणं जवळजवळ सोडलंय. बॅडमिंटनला जाताना स्पोर्ट्स ब्रा घालते, ती पण कुणी न सांगता, बाकी वेळ नाही. टोचतं, गरज वाटत नाही, मग कशाला, एवढंच तिचं म्हणणं. साबांना हे बिलकुल पसंत नाही, "शोभतं का" पासून "पुढे सगळं ओघळेल" पर्यंत सगळं ऐकवून झालंय, आणि ऐकवतात मला, तिला नाही. नवरा हा विषय निघाला की मोबाईलमध्ये डोकं खुपसतो.

आता ते ओघळण्याचं. मला पण तसंच सांगितलं होतं लहानपणी, म्हणून जरा वाचलं. स्तनात स्नायू नसतोच, चरबी, दुधाच्या ग्रंथी आणि त्यांना धरून ठेवणारे कूपर्स लिगामेंट्स म्हणून तंतू असतात आणि वरून त्वचा. वय, वजन वाढणं-घटणं, किती बाळंतपणं झाली, सिगरेट आणि मुळात आकार किती मोठा, यावर ते सैल पडणं ठरतं. अंगावर पाजल्याने ओघळतात हेही खरं नाही म्हणे, जो फरक पडतो तो गरोदरपणाने. ब्रा घातली म्हणून हे कायमचं थांबतं असं कुठे सापडलं नाही, जोवर अंगावर आहे तोवर उचलून धरते, बस. उलट 2013 मध्ये फ्रान्समधल्या रुइयाँ नावाच्या प्राध्यापकांनी ब्रा नसलेलीच बरी असं सांगितलं आणि त्याच्या बातम्या जगभर झाल्या, पण त्यांनी पाहिलेल्या बायका 18 ते 35 वयाच्या होत्या आणि सगळ्यांनी लगेच काढून टाका असं ते स्वतःच म्हणत नव्हते. लेकीने ही बातमी मला दाखवली तेव्हा मी तिला हे दुसरं वाक्य पण वाचायला लावलं. आणि हो, ब्राने कॅन्सर होतो हे फॉरवर्ड ज्यांना येतं त्यांच्यासाठी, 2014 मध्ये सिअ‍ॅटलच्या संशोधकांनी पाळी गेलेल्या बायकांमध्ये हे तपासलं होतं, ब्राचा कॅन्सरशी काही संबंध सापडला नाही.

म्हणजे तब्येतीच्या नावाखाली तिच्यावर जबरदस्ती करायला माझ्याकडे काही नाही. पळताना, उड्या मारताना आधार लागतो हे तिला स्वतःलाच कळतंय. (स्पोर्ट्स ब्रा आली 1977 मध्ये, आणि पहिला नमुना पुरुषांचे दोन जॉकस्ट्रॅप (खेळताना आधारासाठी घालायचे लंगोटासारखे) एकत्र शिवून केला होता. हे साबांना सांगायची माझी हिंमत नाही.)

मग उरतं काय तर लोकांची नजर. निपल दिसतात, मुद्दा एवढाच. पुरुषांचे टीशर्टातून दिसले तर कुणी हूं की चूं करत नाही. आणि गंमत बघा, ब्राचा पट्टा बाहेर दिसला तरी ओरडा, नाही घातली तरी ओरडा, म्हणजे घातलीय हे कळायला हवं पण ती दिसता कामा नये! धुतल्यावर सुद्धा दुसऱ्या कपड्याखाली झाकून वाळत घालायची, ओलसर राहिली तरी चालेल. हे सगळं मला पटत नाही, पण ती आता इंटर्नशिपला जाणार आहे आणि तिथे कुणी टक लावून बघितलं किंवा काही बोललं तर त्रास तिलाच होणार, ही काळजी पण खोटी नाही ना. तिला नुसतं "घाल" म्हणायचं नाहीये मला.

माझं स्वतःचं एकदम उलट आहे. छाती जड आहे, ब्रा नसेल तर जिना उतरताना छातीला हाताने आधार द्यावा लागतो, मान आखडते, आणि स्तनाखाली घाम साचून चट्टे येतात. डॉक्टरांनी फंगल आहे म्हणून मलम दिलंय आणि जागा कोरडी ठेवा म्हणालेत. घातली तर खांद्यावर खाचा. त्यात कळलं की वजन खांद्याच्या पट्ट्यांनी नाही, छातीखालच्या बँडने पेलायला हवं, म्हणजे बँड घट्ट आणि कप मोठा. 38सी घालत असाल तर 36डी बघा (आकडा बँडचा, अक्षर कपाचं), कपात जागा तेवढीच राहते. नवीन ब्रा सगळ्यात बाहेरच्या हुकावर बसली पाहिजे, इलॅस्टिक सैल पडलं की मग आतले हुक. इतकी वर्षं वापरतोय आणि हे आपल्याला कुणीच सांगत नाही, कारण विषयच काढायचा नसतो!

तर विचारायचंय असं, की ज्या ब्रा न घालता कामावर जातात त्या काय करतात? कॅमिसोल (आतून घालायची पातळ बंदांची बनियन), जाड कापडाचा टॉप, आतून अस्तर, की ते चिकटवायचे निपल कव्हर? ते दिवसभर टिकतात का आणि चिकटपणाने कातडीला खाज येते का? साबांशी तुमच्या घरी हे कुणी बोललं असेल तर कसं बोललात तेही सांगा, वाद न होता. "घालायलाच हवी" एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या, ते घरात रोज मिळतंय.

आणि माझ्यासारख्या जड छातीच्या बायकांनो, वायर नसलेली पण खरंच आधार देणारी ब्रा मिळते का? ब्रँड नको, कट आणि कापड सांगा, पट्टे किती रुंद, मागे किती हुक, आणि घामात त्या बँडखाली तुम्ही काही मऊ कापड वगैरे ठेवता का ते पण.