मदत हवी आहे: लहान मुलांना घेऊन भंडारदऱ्याला तंबूत पहिली रात्र

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात भंडारदऱ्याला तंबूत एक रात्र राहायचं घाटतंय. आम्ही दोघं, सहा वर्षांची लेक आणि अडीच वर्षांचा मुलगा. राहायला ठाण्यात. कॉलेजात असताना आम्ही दोघांनी सह्याद्रीत भरपूर भटकंती केली आहे, रतनगडाच्या गुहेत मुक्कामही केला आहे. पण तेव्हा पाठीखाली काय अंथरलंय याची फिकीर नव्हती. मुलांसोबत उघड्यावर रात्र काढायची ही पहिलीच वेळ, म्हणून ज्यांनी एवढ्या लहान मुलांना नेलं आहे त्यांच्याशी बोलायचंय.

डिसेंबरच का, तर लेकीसाठी. तिला उल्का बघायच्यात. मिथुन राशीतला उल्कावर्षाव १३-१४ डिसेंबरच्या सुमारास भरात असतो. बहुतेक उल्कावर्षावांसाठी मध्यरात्रीनंतर उठून बसावं लागतं, याचं तसं नाही. या उल्का ज्यांच्या बाजूने येताना दिसतात ते मिथुन राशीतले पुनर्वसूचे दोन तारे आठच्या सुमारास पूर्वेला उगवतात आणि दहापर्यंत चांगले वर येतात. म्हणजे पोरीला झोपेतून न उठवता तासभर आकाश दाखवता येईल. चंद्र आड येणार नाही ना, तेवढं तारीख नक्की करताना बघू.

काजव्यांच्या दिवसांत जा, असं बऱ्याच जणांनी सुचवलं. पण मेअखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत तिकडे गाड्यांच्या रांगा लागतात, पाऊस कधी कोसळेल याचा नेम नसतो आणि काजव्यांच्या मीलनाच्या काळातच त्यांच्यावर हेडलाइट पडतात. मला ते पटत नाही. पवना धरणाच्या काठाचा विचारही सोडला. तिकडे शनिवारी मुलांच्या झोपायच्या वेळेलाच स्पीकर सुरू होतात.

आता खरी अडचण. थंडी. डिसेंबरात घाटमाथ्यावर पहाटे चांगलंच गारठतं, दहा अंशांच्या आसपास पारा येतो हे धरूनच तयारी करतेय. आर्थर लेकच्या, म्हणजे भंडारदरा धरणाच्या जलाशयाच्या, अगदी काठाला तंबू लावले की फोटो सुरेख येतात, पण थंड हवा उतारावरून घरंगळून खाली पाण्यापाशीच साचते आणि सकाळी तंबू दवाने ओलाचिंब असतो. शिवाय पाणी दहा पावलांवर आणि अंधारात धावत सुटणारा अडीच वर्षांचा मुलगा, हे मला अजिबात नको आहे. त्यामुळे माझ्या मनात असं आहे की काठावर न राहता शेंडी, मुरशेत किंवा रतनवाडीत एखाद्या घराच्या अंगणात किंवा खळ्यात आपला तंबू लावायचा. जेवण त्यांच्याकडे, संडासाची सोय तिथेच, आणि रात्री दोन वाजता धाकट्याने रडून गोंधळ घातला तर घरात जाऊन झोपायचं. नवऱ्याच्या मते याला कॅम्पिंग म्हणत नाहीत. मला वाटतं, पहिल्या वेळी माघारी फिरायला दार असावं. तुमचं काय मत?

अंथरुणाबद्दल ठरवलंय ते सांगते, चुकत असेल तर सांगा. खाली ताडपत्री, तंबूच्या आत फोमच्या मॅट, त्यावर गोधडी दुहेरी घालून. वरून कितीही पांघरलं तरी गारवा जमिनीतून येतो, म्हणून खालच्या थरात कंजुषी नाही. मुलं मध्ये, आम्ही दोन कडांना. धाकटा पांघरूण लाथाडतो, त्यामुळे त्याला सुती कपड्यांवर लोकरीचे थर, पायमोजे आणि कानटोपी. मोठ्यांच्या स्लीपिंग बॅगेत त्याला घालणार नाही, घसरून तोंड आत जाण्याची भीती वाटते. एवढ्या लहान मुलांच्या मापाची स्लीपिंग बॅग कुणी वापरली आहे का? की गोधडीच बरी?

सासूबाईंचा आग्रह आहे की निखाऱ्यांची शेगडी तंबूत ठेवा. त्यांच्या माहेरी थंडीत तसं करत, पण ती कौलारू, फटींतून वारा खेळणारी घरं. बंद तंबूत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला ना वास ना रंग, आणि झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. त्यामुळे शेगडी, गॅसची चूल, काहीही आत नाही. कृपा करून प्रतिसादात कुणी तसं सुचवू नका. गरम पाण्याची रबरी पिशवी झोपण्याआधी अंथरुणात ठेवून मग काढून घ्यायची, असं करणार आहोत. तंबूच्या वरच्या जाळीच्या खिडक्याही थोड्या उघड्या ठेवायच्या, नाहीतर श्वासाची वाफ आतून ठिबकते.

जाण्याआधी सोसायटीच्या गच्चीवर एक रात्र तंबूत झोपून बघणार आहोत, म्हणजे मुलांना तंबू ओळखीचा होईल.

दुसऱ्या दिवशी फार धावपळ नको. रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ आणि पुष्करणी, रंधा धबधबा दुरूनच, आणि घोटीमार्गे परत. सांदण दरी मुलं मोठी झाल्यावर.

भर: प्रतिसादांत दोघांनी बिबट्याबद्दल विचारलंय. हा सगळा टापू १९८६ साली जाहीर झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा, बिबटे आहेतच. म्हणून अंगणाचा हट्ट आणखी पक्का झाला. अंधार पडल्यावर मुलांना एकटं बाहेर सोडणार नाही, खरकटं उघड्यावर टाकणार नाही. खाण्याचं विचारणाऱ्यांसाठी: धाकट्याला नाचणीचं सत्त्व आणि मऊ भात, बाकी सगळे पिठलं-भाकरी.

अजून उत्तर हवं आहे ते दोन गोष्टींचं. रात्री एखाद्या मुलाला ताप भरला तर राजूर जवळ पडेल की सरळ घोटी गाठावी, हे तिकडच्या कुणी सांगितलं तर बरं होईल. आणि अंगणात तंबू लावू देणारं घर माहीत असेल, तर इथे फक्त गावाचं नाव लिहा, नंबर व्यनितून (खासगी निरोपातून) पाठवा.