मधली भिंत भार घेते की नाही, हे पाडण्याआधी कसे ओळखावे?

प्रश्न
आमच्या दुमजली घरात तळमजल्यावरील दोन खोल्यांमधली भिंत काढून एकच मोठी खोली करण्याचा विचार आहे. भिंत गिलाव्यासह जेमतेम ६ इंच जाडीची आहे आणि ठोकल्यावर पोकळ वाजते, त्यामुळे ती नुसती आडभिंत (खोल्या वेगळ्या करणारी, भार न घेणारी भिंत) असल्याचे गवंडी सांगतात. मूळ नकाशे उपलब्ध नाहीत. एवढ्या भरवशावर ती पाडावी का?

उत्तर १
कृपया पाडू नका. विटांची भिंत पोकळ वाजते ती बहुधा गिलावा सुटल्यामुळे; त्याचा भाराशी संबंध नाही. ९ इंची भिंत भार घेत असावी असा संशय धरणे योग्यच, पण तुमच्यासारखी (गिलावा वगळता) ४.५ इंची भिंत भार घेतच नाही, असे त्यावरून ठरत नाही. भिंतीच्या माथ्याशी थोडा गिलावा खरवडून पाहा. तिथे दोन्ही टोकांना कॉलमवर टेकलेला काँक्रीटचा बीम आढळला, तर खालची भिंत बहुतेक वेळा केवळ कॉलम-बीममधली मोकळी जागा भरण्यासाठी बांधलेली असते. बीम न लागता विटांवर थेट स्लॅब लागला, तर ती भार घेते असेच धरून चालावे.

उत्तर २
स्लॅब दोन्ही खोल्यांवर सलग असेल, तर धोका नुसत्या वजनाचा नसतो. मधल्या भिंतीवर स्लॅबच्या वरच्या अंगाला ताण येतो, म्हणून तिथे मुख्य सळया वर घातलेल्या असतात. भिंत गेली की तीच जागा दुप्पट लांबीच्या गाळ्याचा (दोन आधारांमधल्या अंतराचा) मध्य होते, ताण खालच्या अंगाला येतो आणि तिथे पुरेशी सळई नसते. दोन्ही खोल्या सारख्याच रुंदीच्या असल्या, तर पूर्वी भिंतीवर जेवढा वाकवणारा जोर होता त्याच्या सुमारे चौपट, आणि तोही उलट दिशेने, त्या जागी येतो.

प्रश्नकर्ता
वीतभर गिलावा काढून पाहिला. बीम नाही, विटांवर थेट स्लॅबच आहे आणि वरच्या मजल्यावर नेमक्या याच रेषेत दुसरी भिंत उभी आहे. काम थांबवले आहे.

उत्तर १
योग्य केलेत. आता स्ट्रक्चरल इंजिनिअरला प्रत्यक्ष जागा दाखवा. भिंत काढायचीच ठरली, तर वरच्या भिंतीसह सगळा भार पेलणारा लोखंडी गर्डर आणि त्याच्या टोकांखालचे आधार, अगदी पायापर्यंत, त्यांच्याकडूनच हिशेब करून घ्यावे लागतील. पहिली वीट निघण्याआधी स्लॅबला भिंतीच्या दोन्ही बाजूंनी टेकू लागलेले हवेत, वरच्या भिंतीला वेगळा आधार हवा, आणि गर्डर व वरचे बांधकाम यांमधली फट सिमेंटच्या मसाल्याने ठासून भरून तो पक्का होईपर्यंत यांतला एकही आधार हलवू देऊ नका.