फुटलेली दगडी ताल शनिवार-रविवारी स्वतः बांधून काढता येईल का?

येरळाकाठ (प्रश्न)

नमस्कार. खटाव तालुक्यात आमची वडिलोपार्जित जिराईत जमीन आहे. नोकरी पुण्यात असल्यामुळे मला फक्त शनिवार-रविवारीच गावी येता येते. वरच्या आणि खालच्या तुकड्यांमध्ये आजोबांनी १९७२ च्या दुष्काळानंतर घातलेली कोरड्या दगडांची, म्हणजे चुना-सिमेंट न वापरता रचलेली, माती अडवणारी ताल (बांध) आहे. गेल्या ऑक्टोबरमध्ये परतीच्या पावसात ती एका रात्रीत सुमारे बारा फूट फुटली आणि तिच्यामागे पन्नास वर्षे साठलेली माती खालच्या शेतात वाहून गेली. ताल चार फूट उंच आहे आणि तिच्या वरच्या अंगाला साधारण तीन एकरांचा उतार आहे. दगड जागेवरच पडलेले आहेत. गावातील गवंडी सिमेंटमध्ये पक्की भिंत बांधण्याचा सल्ला देतात. परंतु मला आणि माझ्या धाकट्या भावाला हे काम शक्यतो स्वतःच्या हाताने आणि आजोबांच्याच पद्धतीने करायचे आहे. शाळू निघाला असून रान मोकळे आहे. वळवापूर्वी काम पुरे होईल का, आणि सुरुवात कोठून करावी?

आटपाडीचा शेतकरी

आपण सिमेंटचा विचार सोडून द्यावा, असे मी स्पष्टपणे सांगेन. काळी जमीन ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. कोरड्या रचाईची ताल या हालचालीबरोबर थोडी हलते आणि पुन्हा बसते, तर सिमेंटची ताठ भिंत तडकते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोरड्या तालीच्या फटींतून पाणी झिरपून जाते. सिमेंटमध्ये नळ्या सोडल्या नाहीत, तर ते भिंतीमागे तुंबते आणि भिंतीला ढकलत राहते.

मात्र दगड रचण्याआधी ताल का फुटली, हे शोधावे. आपल्याकडे वर्षाचा पाऊस महाबळेश्वरच्या तुलनेत अगदीच थोडा असला, तरी वळवाचा किंवा परतीचा पाऊस दोन-तीन तासांत कोसळतो. एका एकरावर ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर ते सुमारे दोन लाख लिटर पाणी होते. म्हणजे आपल्या तीन एकरांचे सहा लाख लिटर. त्यातील काही जमिनीत मुरेल, पण उरलेले तालीशी येऊन थांबते. त्याला ठरवून दिलेली वाट नसेल, तर ते सर्वांत सखल जागेवरून उडी घेते, खालचा पाया उकरते आणि मग वरचे दगड आपोआप सुटतात. त्यामुळे तालीला सांडवा, म्हणजे जादा पाणी सोडण्याची वाट, आहे का, हे आधी पाहावे. नसल्यास तो नव्या भरावावर न काढता एका टोकाला, घट्ट मुरमाच्या जागी काढावा. त्याचा तळ तालीच्या माथ्यापेक्षा निदान एक फूट खाली असावा आणि पाणी जेथे पडेल तेथे मोठे चपटे दगड बसवावेत. सांडव्याचे पाणी शेजाऱ्याच्या रानात न जाता नैसर्गिक ओघळीला मिळाले पाहिजे. त्याविषयी शेजाऱ्याशी आधीच बोलून घ्यावे, कारण बांधाच्या पाण्यावरून तुटलेली माणसे मी पाहिलेली आहेत.

घुशी-उंदरांची बिळेही तपासावीत. बिळात शिरलेले पाणी आतून माती नेत राहते आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

जतची दगडी रचाई

आमच्या घरात तीन पिढ्या दगडकाम आहे, म्हणून केवळ रचाईपुरते लिहितो.

फुटलेल्या भागाच्या दोन्ही कडांचे सैल दगड पायऱ्यांसारखे काढून घ्यावेत, म्हणजे जुन्या व नव्या कामाची सांगड बसेल. सरळ उभी कड ठेवून तिला नवे काम टेकवले, तर तेथेच पुन्हा फट पडेल. पाया घट्ट मुरूम लागेपर्यंत, निदान फूटभर खोदावा. चार फूट उंचीसाठी तळाची रुंदी अडीच फुटांहून कमी नसावी. सर्वांत मोठे दगड पायाच्या थरात जावेत. भिंतीचा दर्शनी भाग उभा न ठेवता मातीच्या बाजूला झुकता ठेवावा. चार फुटांत आठ इंच झुकाव पुरेसा आहे. दोन्ही टोकांना खुंट्या रोवून दोरी बांधावी आणि प्रत्येक थराला ती वर घ्यावी.

नवखा माणूस एक चूक हमखास करतो. दगडाची लांब बाजू सुंदर दिसते म्हणून तो ती बाहेर ठेवतो. असे दगड भिंतीच्या पोटात जेमतेम अर्धा फूट जातात आणि पहिल्या रेट्याला बाहेर येतात. लांबी आत गेली पाहिजे, बाहेर फक्त तोंड दिसावे. सांध्यावर सांधा येऊ देऊ नये. दर तीन-चार फुटांवर भिंतीच्या आरपार जाणारा एक लांब दगड घालावा आणि पोटातील पोकळ्या मातीने न भरता चिपांनी (दगडाच्या लहान तुकड्यांनी) हाताने ठासून भराव्यात. ठेवलेला दगड हाताने हलला, तर तो काढून पुन्हा बसवावा. याला वेळ लागतो, पण पुढची चाळीस वर्षे यावरच अवलंबून असतात.

भिंतीमागे अर्धा फूट चिपांचा थर देऊन मग मुरूम आणि माती भरावी. भराव सहा-सहा इंचांच्या थरांनी करावा, पाणी शिंपडावे आणि धुम्मस करावा, म्हणजे ठोकून घट्ट बसवावा. ट्रॅक्टरने एकदम माती ढकलू नये. पहार, टिकाव, खोरे, घमेली, सुतकी (दगड फोडण्याचा हातोडा) आणि दोरी एवढ्या साहित्यात काम होते. दोघे नवखे असाल, तर एका शनिवार-रविवारी तीन फूट लांबीचे चांगले काम होईल, असे धरून चालावे.

माणदेशी

एक सावधगिरी. पडलेल्या दगडांच्या ढिगात फुरसे (विषारी साप) आणि विंचू असतात. हाताने दगड उचलू नये. पहारीने पलीकडची कड वर करून दगड आपल्याकडे कलता करावा, म्हणजे खालचा प्राणी आणि आपले पाय यांच्यामध्ये दगडच राहतो. जाड बूट आणि हातमोजे हवेतच. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिला आणि त्यामुळे असंख्य जीव वाचले. तेव्हा दंश झाल्यास मंत्र-तंत्रात वेळ न घालवता तडक रुग्णालय गाठावे.

येरळाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. या रविवारी आम्ही तालीच्या पूर्व टोकाला खोदून पाहिले, तेव्हा दीड फूट मातीखाली उभे रोवलेले चपटे दगड लागले. आजोबांनी सांडवा काढलेला होता. वर्षानुवर्षे ट्रॅक्टरने नांगरताना तो आम्हीच बुजवला. हे पाहून फार वाईट वाटले. तो आता पूर्ण मोकळा केला असून त्याचे पाणी जुन्या ओघळीलाच जाते. पुढच्या शनिवारी पाया खोदणार आहोत. तालीवर काय लावावे, एवढे कोणी सांगितले तर बरे होईल.

आटपाडीचा शेतकरी

मातीच्या माथ्यावर मारवेल गवताची ठोंबे जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर लावावीत. माती धरून राहते आणि जनावरांना चाराही मिळतो. पिंपळ, उंबर किंवा बाभळीचे रोप फटीत दिसले, तर ते बोटाएवढे असतानाच मुळासकट काढावे. सांडव्यात मात्र काहीही लावू नये आणि मे महिन्याच्या अखेरीस दरवर्षी तो खोऱ्याने साफ करावा.