जस्त मिसळलेल्या बीआय-२२१२ मध्ये शून्याजवळ शिखर: टिप की अशुद्धी?

प्रश्न: बीआय-२२१२ या तांब्याच्या ऑक्साइडच्या अतिवाहकावर ४.२ केल्विनला एसटीएमने (टोकदार सुईने, म्हणजे टिपने, अणू बघणारा सूक्ष्मदर्शक) डीआय/डीव्ही आलेख, म्हणजे व्होल्टेजबरोबर प्रवाह किती बदलतो तो आलेख, घेतोय. काही जागी साधारण -१.५ मिलिव्होल्टला टोकदार शिखर येतं आणि गॅपच्या (अतिवाहकातली ऊर्जेची फट) कडांची शिखरं बसतात. टिपचा दोष कसा वगळायचा?

उत्तर १: त्याच बायसला (टिप आणि नमुन्यातलं व्होल्टेज) कंडक्टन्स नकाशा, म्हणजे जागोजागच्या डीआय/डीव्हीचा नकाशा, घ्या. जस्त असेल तर मधोमध ठळक ठिपका, भोवती चार हातांचा क्रॉस, आणि साधारण १५ आंगस्ट्रॉमपलीकडे खूण विरते. टिपचा दोष सगळीकडे दिसला असता. जस्त चुंबकीय नाही, पण डी-वेव्हमध्ये (बीआय-२२१२ सारखे अतिवाहक, जिथे गॅप दिशेनुसार बदलते) तेही इलेक्ट्रॉनच्या जोड्या मोडतं. साध्या एस-वेव्हमध्ये (गॅप सगळ्या दिशांना सारखी) असं होत नाही.

उत्तर २: टिप आधी सोन्यावर तपासा, आलेख सपाटच हवा. लॉक-इन मॉड्युलेशनही (मोजणीसाठी बायसवर चढवलेलं छोटं एसी व्होल्टेज) बघा. या तापमानाला उष्णतेचीच रुंदी सुमारे १.३ मिलिव्होल्ट, अर्धा मिलिव्होल्ट आरएमएस तेवढीच भर घालतं. २ मिलिव्होल्ट दिलंत तर शिखराचा नुसता फुगवटा उरेल.

उत्तर ३: निकेल असतं तर शिखरं ±९ आणि ±१८ मिलिव्होल्टच्या आसपास आली असती, गॅपही जवळपास शाबूत राहिली असती. आणि हे प्लॅनर जंक्शनवर (टिपऐवजी पातळ थरांचा मोठा सपाट जोड) शोधत बसू नका. एक तर असंख्य जागांची सरासरी, वर ११० कडेवर (स्फटिकाची तिरकी कापलेली कड) अशुद्धीशिवायही शून्यावर शिखर येतं.